सांडलेले तेल

स्मरणिकेसाठी एखाद्या वैद्यकीय विषयावर लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना होती. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी या विषयांवर आपल्या मंडळातील माझ्याहून अधिकारी व्यक्ती दरवर्षी लिहीत असतात. त्यांच्या अंगणात मी पाऊल टाकू इच्छीत नाही. मी निवडलेला विषय ऐकून एका स्नेह्यांनी विचारले, "हा तर तटरक्षक दलाचा विषय. तुमचा त्याच्याशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो फारसा भूषणावह नाही. तिथूनच आरंभ करतो.

१९९६ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. बार्देशातील माझ्या लहानशा नर्सिंग होममध्ये पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसे, म्हणून मागच्या पडवीत जनरेटर आणि त्याच्या शेजारी डिझेलचे दोनशे लिटरचे पिंप ठेवलेले असे. एके रात्री पिंपाची तोटी कोणाकडून तरी अर्धवट उघडी राहिली. सकाळी पाहतो तो निम्म्याहून अधिक डिझेल मागच्या अंगणात पसरलेले. थोड्याच वेळात बाह्यरुग्ण विभाग सुरू होणार होता. कोणी वृद्ध रुग्ण घसरून पडला तर काय, ही माझी पहिली चिंता. आणि ती चुकीची नव्हती. चूक झाली ती पुढे. मी कामगारांना सांगितले, "धुण्याचा साबण टाका, भरपूर पाणी मारा आणि सगळे गटारात लोटा." तासाभरात अंगण लख्ख झाले. मी समाधानाने सर्वांना चहा पाजला आणि तपासणीच्या खोलीत जाऊन बसलो.

नवव्या दिवशी शेजारच्या काकी दवाखान्याच्या दारात आल्या. रुग्णांच्या रांगेत न बसता त्या सरळ आत आल्या आणि म्हणाल्या, "दोतोर, बांयच्या उदकाक डिझेलाचो वास येता." त्यांची विहीर आमच्या कुंपणापासून वीस पावलांवर होती. सहा माणसांचे घर त्या पाण्यावर चालत असे.

पोहऱ्यातून काढलेले पाणी मी हुंगले. काही बोलावे असे उरलेच नव्हते.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचण्याचा मला जो नाद लागला, तो आजतागायत सुटलेला नाही. त्या वाचनातून आणि आपल्या किनाऱ्यावर पाहिलेल्या काही घटनांमधून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम माझ्या अंगणात नेमके काय घडले ते पाहू. डिझेल पाण्यात विरघळत नाही आणि पाण्याहून हलके असते, म्हणून ते वर तरंगते. तरंगते आहे तोवर ते दिसते, अडवता येते, गोळा करता येते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी मैत्री करते आणि दुसरे तेलाशी. त्यामुळे तेलाचे असंख्य सूक्ष्म थेंब होऊन ते पाण्यात मिसळल्यासारखे होतात. ताटावरचा ओशटपणा जातो तो याच न्यायाने. परंतु ताट धुतलेले तेल जसे मोरीत असते, तसेच माझे डिझेल गटारात होते. गटार जांभ्या दगडातून खोदलेले. जांभा म्हणजे दगडाचा स्पंजच. त्याच्या भोकाभोकांतून पावसाचे पाणी जसे विहिरीला जाऊन मिळते, तसे साबणाने पातळ केलेले डिझेलही मिळाले. मी तेल नाहीसे केले नव्हते, फक्त माझ्या नजरेआड केले होते.

करायला हवे होते ते इतके साधे की सांगताना आजही संकोच वाटतो. आधी तोटी बंद करायची. जवळपास विडी, स्टोव्ह, विजेची ठिणगी काही नको. मग गटाराचे तोंड मातीच्या पोत्यांनी बुजवायचे आणि उताराच्या बाजूला वाळूचा बांध घालायचा. जे साचले आहे ते पत्र्याच्या टमरेलाने पिंपात भरायचे, उरलेल्यावर लाकडाचा भुसा, कोरडी वाळू किंवा काथ्याचा चुरा पसरायचा आणि तो तेल प्यायला की फावड्याने उचलायचा. पाणी मात्र मारायचे नाही. तेलाने भिजलेली माती खरवडून झाकणाच्या पिंपात भरून ठेवायची. असा तेलकट कचरा धोकादायक कचऱ्याच्या नियमांखाली येतो, तो शेतात पुरायचा नाही की उकिरड्यावर टाकायचा नाही. आपल्यापैकी ज्यांची रुग्णालये आहेत, त्यांनी एकदा आपल्या जनरेटरची खोली जाऊन पाहावी. पिंपाखाली त्यातील सर्व तेल मावेल एवढ्या क्षमतेचे कट्टे बांधलेले हौद आहे काय? नसेल, तर गवंड्याचे दोन दिवसांचे काम आहे.

साबणाची चूक करणारा मी पहिला नव्हतो, हे पुढे वाचनात आले तेव्हा थोडा दिलासा मिळाला आणि बरीच भीतीही वाटली. १८ मार्च १९६७ रोजी 'टोरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. त्यात सुमारे १,१९,००० टन खनिज तेल होते. अशा प्रसंगी काय करावे याचा अनुभव तेव्हा जगात कोणालाच नव्हता. ब्रिटिश सरकारने विमानांतून बाँब टाकून तेल पेटवून देण्याचा प्रयत्न केला आणि किनाऱ्यावर सुमारे १०,००० टन औद्योगिक डिटर्जंट ओतले. तेल दिसेनासे झाले. पण खडकांना चिकटून राहणारे शंखशिंपले, जे तेलातूनही कदाचित वाचले असते, ते त्या रसायनांनी मेले. शेवाळ खाणारेच न उरल्याने खडक हिरवेगार झाले. जिथे डिटर्जंट मारले नव्हते ते किनारे दोन-तीन वर्षांत सावरले. जिथे भरपूर मारले होते तिथे दहा ते पंधरा वर्षे लागली. रोगापेक्षा उपचार जड झाला. आपल्या व्यवसायात हा अनुभव नवा नाही.

१९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' या जहाजातून सुमारे ३७,००० टन तेल सांडले, तेव्हा डिटर्जंटऐवजी गरम पाण्याचे जोरदार फवारे वापरण्यात आले. तेल निघाले, आणि त्याबरोबर खडकावरची जीवसृष्टीही शिजून निघाली. म्हणून आज या शास्त्रातील जाणकार प्रथम एक प्रश्न विचारतात, जो कोणत्याही चांगल्या शल्यविशारदाने विचारावा: काहीच न करता वाट पाहिली तर काय होईल?

समुद्रात तेलाचे काय होते

या प्रश्नाचे उत्तर तेलाच्या जातीवर अवलंबून असते. पेट्रोल किंवा नाफ्था सांडला तर त्याचा बराच भाग काही तासांतच हवेत उडून जातो. किनारा काळा होत नाही, पण आगीचे आणि वाफेचे संकट भयंकर असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार' चक्रीवादळाच्या वेळी 'नू शी नलिनी' हे चालकविरहित जहाज भरकटत येऊन दोना पावलजवळ खडकांत रुतले. त्यात दोन हजार टनांहून अधिक नाफ्था होता. त्या आठवड्यांत पणजीत ज्याच्या त्याच्या तोंडी "समुद्र काळा होणार" हेच वाक्य होते. खरी भीती काळेपणाची नव्हती. ती ठिणगीची होती. सुदैवाने टाक्या शाबूत राहिल्या आणि पुढे जहाज ओढून नेण्यात आले.

याच्या उलट जहाजांच्या इंजिनात जाळले जाणारे जड इंधन तेल. ते फारसे उडत नाही. लाटांच्या घुसळणीने त्यात पाणी शिरते आणि तपकिरी, चिकट, लोण्यासारखा गोळा तयार होतो. त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते, त्यामुळे शंभर टन सांडलेल्या तेलाचा तीन-चारशे टन चिखल उचलावा लागतो. साफसफाईचे आकडे वर्तमानपत्रांत सांडलेल्या तेलाहून मोठे दिसतात, त्याचे रहस्य हे.

तेलाचा तवंग प्रवाहाबरोबर जातो आणि शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे तीन टक्के वेगाने वाऱ्याच्या दिशेने सरकतो. म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरचा पावसाळी वारा असेल, तर केवळ वाऱ्यामुळे तेल दिवसाला जवळजवळ तीस किलोमीटर जाऊ शकते. मे २००६ च्या अखेरीस कारवारसमोर ऑयस्टर रॉकजवळ 'ओशन सेराया' हे मालवाहू जहाज अडकून फुटले, तेव्हा त्याचे तेल राज्याची सीमा न विचारता दक्षिण गोव्याच्या किनाऱ्यांपर्यंत आले. ऑलिव्ह रिडले कासवे जिथे अंडी घालतात, त्या गालजीबागच्या परिसरातील लोकांनी ते दिवस विसरलेले नसणार.

तेल समुद्रात असतानाच अडवणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. बूम नावाचे तरंगते कुंपण पसरून तवंग एका जागी गोळा करतात आणि स्किमर यंत्राने, म्हणजे एखाद्या मोठ्या दुधावरची साय काढणाऱ्या हाताने, वरचा थर उचलतात. परंतु कुंपणावर काटकोनात येणाऱ्या प्रवाहाचा वेग ताशी १.३ किलोमीटरच्या वर गेला की तेल कुंपणाखालून निसटते. एवढ्या वेगाने लहान मूलही चालते. मांडवी आणि झुवारीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा ओघ याहून सहज जोरदार असतो. म्हणून अनुभवी माणसे कुंपण प्रवाहाला तिरपे लावून तेल शांत कोपऱ्यात वळवतात. त्याला थांबवायला जात नाहीत.

तेल विखुरणारी आधुनिक रसायने 'टोरी कॅन्यन'च्या काळापेक्षा पुष्कळ सौम्य आहेत, तरी तत्त्व तेच आहे. खोल, खुल्या समुद्रात, तेल ताजे असताना पहिल्या एक-दोन दिवसांत ती उपयोगी पडतात. सूक्ष्म थेंबांवर नैसर्गिक जीवाणू लवकर काम करू शकतात. उथळ खाडीत, मासळीच्या प्रजननाच्या जागी, खारफुटीत ती वर्ज्य. जीवाणूंचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांनी तेल पचवणारा जो जीवाणू प्रयोगशाळेत घडवला, त्यावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये मानवनिर्मित सजीवाला पेटंट देता येते असा निर्णय दिला. जगाचा कायदा बदलणारा तो जीवाणू समुद्रात प्रत्यक्ष कधी सोडला गेलाच नाही. प्रत्यक्षात कामाला येतात ते समुद्रात मूळचेच असलेले किंवा मातीतून निवडून वाढवलेले जीवाणू; आपल्याकडे 'टेरी' संस्थेने तयार केलेले 'ऑइलझॅपर' हे पाच जीवाणूंचे मिश्रण तेलाच्या गाळावर वापरले गेले आहे. पण जीवाणूंना महिने लागतात. तातडीच्या प्रसंगी त्यांच्या भरवशावर बसता येत नाही.

आपल्या देशात समुद्रातील तेलगळतीचा मुकाबला करण्याची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आहे आणि त्यासाठीची राष्ट्रीय आपत्ती योजना १९९६ पासून अमलात आहे. तीत ७०० टनांपर्यंतची गळती स्थानिक यंत्रणेने, ७०० ते १०,००० टनांची विभागीय आणि त्याहून मोठी राष्ट्रीय पातळीवर हाताळावी, अशी विभागणी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्येच 'समुद्र प्रताप' या प्रदूषण नियंत्रण नौकेचे जलावतरण झाले, ही आपल्यासाठी अभिमानाची बाब. मात्र जहाज कितीही उत्तम असले तरी खबर वेळेवर आणि खरी मिळाली पाहिजे. २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. गळती नगण्य आहे, असे प्रथम सांगण्यात आले. दोन-तीन दिवसांत किनाऱ्यावर जाड काळा थर साचला. तो इतका घट्ट की शोषणाऱ्या यंत्रांच्या नळ्या तुंबल्या. अखेर शेकडो माणसे बादल्या घेऊन खडकांवर उतरली. त्या वेळची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यातील कितीतरी हात उघडे होते.

लॅटेक्सचे हातमोजे

आता वळतो आपल्या किनाऱ्याकडे. मे महिन्याच्या सुमारास आणि पुढे पावसाळ्यात गोव्याच्या वाळूत काळे डांबरगोळे येऊन पडतात. अनवाणी फिरणाऱ्या प्रत्येकाच्या टाचेला ते ठाऊक आहेत. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी या गोळ्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. प्रत्येक तेलविहिरीच्या तेलात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांचे काही टिकाऊ रेणू विशिष्ट प्रमाणात असतात. ऊन, पाणी, वारा यांनी बाकीचे तेल बदलले तरी हे रेणू फारसे बदलत नाहीत. त्यांची तुलना केली की बोटांच्या ठशांवरून चोर ओळखावा तसे तेलाचे मूळ शोधता येते. आपल्याकडच्या गोळ्यांचा माग काही वेळा तेलवाहू जहाजांनी समुद्रात टाक्या धुतल्यामुळे बाहेर पडलेल्या तेलापर्यंत, तर काही वेळा बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रापर्यंत लागला आहे.

असेच गोळे एका वर्षी मेअखेरीस आमच्या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात आले, आणि महाविद्यालयातील सत्तर-ऐंशी मुले स्वच्छतेसाठी उतरली. वैद्यकीय व्यवस्था माझ्याकडे. मी मोठ्या उत्साहाने शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांचे चार खोके आणि मुखपट्ट्या घेऊन गेलो. विहिरीच्या प्रकरणानंतर मी स्वतःला या विषयातील जाणकार समजू लागलो होतो! अर्ध्या तासात मुले हात पुढे करून दाखवू लागली. मोजे फुगून चिकट झाले होते आणि बोटांच्या टोकांशी फाटत होते. लॅटेक्स म्हणजे नैसर्गिक रबर; ते जंतूंना अडवते, खनिज तेलात मात्र फुगते आणि विरते. तिथे नायट्राइलचे मोजे हवेत, आणि खडबडीत कामासाठी जाड. मुखपट्टीचेही तेच. ती थेंब अडवते, वाफ अडवत नाही. ताज्या तेलाच्या वाफेसाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटाच लागतो, आणि सर्वांत उत्तम म्हणजे वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहणे. दुपारपर्यंत तीन मुलांना डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली. एक मुलगी चक्कर येऊन बसली. ती वाफेने की मेच्या उन्हाने, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. त्यातच एका दुकानदाराने सद्भावनेने रॉकेलचा डबा आणून दिला आणि मुलांनी त्याने हातपाय घासून काढले. दुसऱ्या दिवशी अकरा मुले लाल, जळजळणारी त्वचा घेऊन माझ्याकडे आली. त्यांच्या पालकांच्या नजरेला नजर देणे सोपे नव्हते.

त्वचेवरचे डांबर काढण्याचे औषध आपल्या प्रत्येकाच्या न्हाणीघरात असते: खोबरेल तेल. तेलात तेल विरते. खोबरेल चोळावे, पाच मिनिटे थांबावे, मऊ फडक्याने पुसावे, मग साबण आणि पाणी. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांनी त्वचेचा नैसर्गिक स्निग्ध थरही निघून जातो आणि विषारी घटक आत शिरण्याची वाट मोकळी होते.

ही चूक मी एकदा तपासणीच्या टेबलावरही केली आहे. रापणीवर काम करणारा एक मध्यमवयीन मच्छीमार हातांच्या चिरा आणि खाज घेऊन दोन महिने माझ्याकडे येत होता आणि मी त्याला बुरशीची मलमे देत होतो. अखेर त्यानेच सहज सांगितले की जाळ्याला लागलेले डांबर तो रोज पेट्रोलच्या चिंधीने पुसतो. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असे इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. मी त्याला वय, पत्ता आणि साखर विचारली होती.

तेल उचलणाऱ्या माणसांच्या प्रकृतीचा पद्धतशीर अभ्यास अलीकडचा आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये स्पेनच्या गॅलिशिया किनाऱ्यासमोर 'प्रेस्टीज' हे जहाज बुडाले. स्वच्छतेत भाग घेतलेल्या मच्छीमारांमध्ये श्वसनाच्या तक्रारी पुढे एक-दोन वर्षांनंतरही अधिक आढळल्या आणि काहींच्या पांढऱ्या पेशींतील गुणसूत्रांमध्ये बदलही दिसले. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियात 'हेबेई स्पिरिट'मधून दहा हजार टनांहून अधिक तेल सांडले, तेव्हा दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक किनाऱ्यावर आले. जितके अधिक दिवस काम, तितक्या डोकेदुखी, डोळ्यांची आग आणि खोकल्याच्या तक्रारी अधिक, असे दिसून आले. मेक्सिकोच्या आखातातील २०१० च्या दुर्घटनेनंतर अमेरिकेत सुमारे ३३,००० व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास सुरू करण्यात आला. हे सर्व वाचल्यावर माझे मत असे बनले आहे की स्वयंसेवकांची नावे, कामाचे तास आणि तक्रारी यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवणे हे डॉक्टरचे काम आहे. गर्भवती स्त्रिया, दम्याचे रुग्ण आणि शाळकरी मुले यांना ताज्या तेलाजवळ जाऊ देऊ नये. बाकीच्यांनी पाळ्या लावून, सावलीत विश्रांती घेत, भरपूर पाणी पीत काम करावे. संरक्षक पोशाखात आपल्या हवेत उष्माघात तेलापेक्षा आधी गाठतो.

डॉक्टर वाचकांसाठी दोन गोष्टी अधिक. काही खनिज तेलांतून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सडक्या अंड्याचा वास आला तर सावध व्हावे. पण तो वास एकाएकी येईनासा झाला तर अधिक सावध व्हावे, कारण वायूचे प्रमाण वाढले की घ्राणशक्तीच बधिर होते. दुसरी गोष्ट तोंडाने नळी ओढून डिझेल काढण्याची. आपले वाहनचालक आणि यांत्रिक हे सर्रास करतात. अशा माणसाला ठसका लागून खोकला सुरू झाला असेल तर त्याने गिळले किती याला महत्त्व नाही. फुप्फुसात काही थेंब जरी गेले असतील तरी रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो. उलटी करवू नये, जठर धुऊ नये, किमान सहा तास निरीक्षणाखाली ठेवावे आणि श्वासाकडे लक्ष द्यावे. रॉकेल प्यालेल्या मुलांच्या बाबतीत आपण हेच करतो. ट्रकच्या क्लीनरच्या बाबतीत मात्र विसरतो.

गृहिणी मला विचारतात तो प्रश्न मासळीचा. मासे त्यांच्या यकृतामार्फत तेलातील बरेचसे घटक बदलून बाहेर टाकतात. शिनाणे आणि तिसऱ्या यांना ते नीट जमत नाही; पाणी गाळून खाणारे हे जीव विषारी घटक अंगात साठवतात. शिजवल्याने ते जात नाहीत. तेलाचा तवंग आलेल्या खाडीतील शिनाणे काही आठवडे खाऊ नयेत आणि तपासणी होईपर्यंत विकू देऊ नयेत.

वाळूतून तेल काढताना यंत्रे घालू नयेत. फावड्याने वरचा थर तेवढा उचलावा, नाहीतर अर्धा किनाराच कचऱ्यात जातो. उचललेला ढीग भरतीरेषेच्या वर, जाड प्लास्टिकवर ठेवावा, अन्यथा पुढच्या भरतीला केलेले काम वाळूखाली गाडले जाते. खारफुटीत तर शिरूच नये. त्या झाडांची श्वासमुळे चिखलातून वर आलेली असतात आणि तेलाचा लेप बसला की गुदमरतात, हे खरे. परंतु साफ करायला गेलेल्या माणसांचे पाय तेच तेल चिखलात खोल तुडवतात आणि ते मग वर्षानुवर्षे तिथेच राहते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांच्या टक्करीतून सुमारे ८०० टन तेल बाहेर पडले, तेव्हा रायगडच्या बाजूच्या कांदळवनांचा प्रश्न असाच अवघड झाला होता. आपल्याकडे मात्र पूर्वजांनी एक सोय करून ठेवलेली आहे. खाजन शेतीच्या बांधांना मानशींची दारे असतात. तेल येत असल्याची वर्दी मिळताच, भरती चढण्यापूर्वी ती दारे बंद केली तर आतली शेते आणि खाड्या वाचू शकतात. त्यासाठी मानशीवर माणूस हवा आणि त्याच्याकडे दूरध्वनी हवा. आपल्या किती गावांत आज मानशीवर माणूस आहे, हा वेगळा आणि अधिक दुःखद विषय.

स्थानिक साधने कमी लेखू नयेत. २०२० मध्ये मॉरिशसला 'वाकाशिओ' जहाज प्रवाळावर आदळले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल गळू लागले. ज्या बेटावर मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत, तिथल्या लोकांनी उसाचा पाचोळा आणि कापलेले केस कापडाच्या नळ्यांत भरून कुंपणे तयार केली आणि मदत पोहोचेपर्यंत किनारा लढवला. आपल्याकडे सोडणांची आणि काथ्याची काय कमतरता आहे?

समुद्रापासून दूर राहणाऱ्या वाचकांना हे सर्व परके वाटू नये. आपल्या महामार्गांवरून रोज इंधनाचे टँकर जातात. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात अहमदपूर शर्किया गावाजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. आसपासचे लोक डबे, बाटल्या, घागरी घेऊन पेट्रोल भरायला धावले. भडका उडाला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड असते. ती वर न जाता उताराने जमिनीलगत वाहत जाते आणि शंभर पावलांवर कोणी काडी ओढली तरी तिच्या मागोमाग ज्वाळा परत येते. टँकर उलटलेला दिसला तर वाऱ्याच्या वरच्या बाजूने दूर जावे, गाडी सुरू करू नये, इतरांना अडवावे आणि अग्निशमन दलाला कळवावे. अंगावर पेट्रोल उडालेल्या माणसाचे कपडे प्रथम उतरवावेत आणि त्याला भरपूर पाण्याने धुवावे. तसेच कपड्यांनिशी त्याला अपघात विभागात आणले तर आपण विभागातच इंधन आणतो. विहिरीत पेट्रोल उतरल्याचा संशय असेल तर कंदील खाली सोडून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, पंपही सुरू करू नये. वास्कोच्या परिसरात २०२३ मध्ये विहिरींत पेट्रोलियम उतरल्याचे उघड झाले, तेव्हा मला माझ्या शेजारणीची विहीर आठवली.

त्या विहिरीचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. गटाराखालची माती आम्ही दगड लागेपर्यंत खणून काढली. विहिरीतील तवंग कापसाच्या गाद्या दोरीने सोडून टिपून घेतला. रोज पाणी उपसून हौदात साठवले आणि वरचे तेल पुन्हा टिपले. डिझेल पेट्रोलसारखे उडून जात नाही. जांभ्यात मुरलेले तेल प्रत्येक मोठ्या पावसाबरोबर थोडे थोडे खाली येत राहिले. तोवर माझ्या नळाची एक जोडणी मी कुंपणावरून काकींच्या स्वयंपाकघरापर्यंत नेऊन दिली. दर गुरुवारी त्यांचा नातू बूच लावलेल्या बाटलीत विहिरीचे पाणी घेऊन येई. मी ते हुंगत असे आणि मान हलवत असे. तो बाटली घेऊन परत जाई. एक पावसाळा असाच गेला. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी मला वास आला नाही. काकींनाही आला नाही. प्रयोगशाळेचा अहवाल यायला आणखी तीन आठवडे लागले.

अहवाल आला त्या दिवशी काकी स्वतः पितळेचा तांब्या भरून घेऊन आल्या. मी तो त्यांच्यासमोर उभ्या उभ्या रिकामा केला. पाण्याची चव कशी होती ते आज आठवत नाही. त्या माझ्या तोंडाकडे निरखून पाहत होत्या, एवढे आठवते.